माती आबांना घेईना

पेत्रोवूनी, २० फेब्रुवारी १९३६

दादा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून काळजात धस्स झालं असेल, म्हणून आधीच सांगते, नवीन कुणी गेलेलं नाही. आई आहे. गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. गेलेत ते आबाच, आणि त्यांना जाऊन साडेतीन वर्षं होत आली. तेव्हा तुला आपल्या धर्मगुरूंनी, पापा-निकितासनी कळवलं होतं. त्यांनी कळवलं म्हणजे घरच्यांनी कळवल्यासारखंच, अशी मी मनाची समजूत घातली होती. बारा वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. तूही लिहिली नाहीस. तेव्हा फिटंफाट म्हणू.

आज लिहायचं कारण असं, की आबा गेलेत पण माती त्यांना घेत नाही.

गेल्या शनिवारी, मृतांच्या शनिवारी, त्यांना वर काढलं. हाडं काढायची रिवाजाची तीन वर्षं उलटून गेली होती, जागा दुसऱ्यांना हवी होती, आणि आईलाही घाई झाली होती. महिनाभर तिची तयारी चालली होती. हाडं धुवायला तांबडी वाइन, पुसायला पांढरं कापड, सुताराकडून पेटी, पेटीवर त्यांचं नाव. आजीला काढलं तेव्हा तू बारा वर्षांचा होतास. तिची कवटी हातात घेऊन म्हणालास, "आजीचे दात माझ्यापेक्षा चांगले आहेत," आणि आबांनी थोबाडीत दिली होती. तशीच मेणासारखी पिवळी, स्वच्छ हाडं निघतील, आई ती धुईल, मनसोक्त रडेल आणि मोकळी होईल, असं आम्ही धरून चाललो होतो.

मित्रोस खणत होता. कुदळ बाजूला ठेवून तो हाताने माती उपसायला लागला आणि थांबला. म्हणाला, "स्तामाता, म्हातारीला घेऊन मागं हो." आई कसली मागे होते! काठी टेकत पुढे गेली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हा तर अजून झोपलाय."

आबा होते तसे होते. सगळं लिहीत नाही. कातडी वाळून चामड्यासारखी झाली होती, मिशी जागच्या जागी होती, कोटाच्या बटणांवर हिरवा थर चढला होता. मागे उभ्या बायका क्रूसाची खूण करत पळाल्या. पापा-निकितासनी अंगावरचं वस्त्र काढून त्यांच्यावर घातलं, प्रार्थना म्हटली, आणि आम्ही त्यांना तिथेच पुन्हा पुरलं.

"कुणाचा तरी तळतळाट आहे," पापा म्हणाले. "कानेल्लोसने ज्याचं वाईट केलं असेल, त्याने मनापासून 'देव त्याला क्षमा करो' म्हटल्याशिवाय सुटका नाही."

गावाला फार डोकं खाजवावं लागलं नाही. सगळ्यांनी तुझंच नाव घेतलं.

सोळा सालचा डिसेंबर कुणी विसरलेलं नाही. राजाच्या बाजूच्या गावागावांनी तेव्हा चव्हाट्यावर दगडांचे ढीग रचून राजाविरुद्ध उठलेल्या व्हेनिझेलोसला शाप दिले, तसा आपणही दिला. तू आधीच पळून सालोनिकाला त्याच्या फौजेत भरती झाला होतास. पहिला दगड पापांनी टाकला, दुसरा सरपंचाने. आबांनी दोन टाकले. एक त्या क्रीटवाल्या व्हेनिझेलोसच्या नावाने, आणि दुसरा तुझं नाव घेऊन, अख्ख्या गावाला ऐकू जाईल असा. हे तुला कुणी ना कुणी सांगितलं असेलच. त्यानंतर शेवटपर्यंत तुझं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही. चोवीस साली तू विचारलंस, बायकोला घेऊन घरी येऊ का, तेव्हाचं उत्तर त्यांनी माझ्या हातून लिहवून घेतलं. ते तुझ्याकडे असेल. आता ते काढून वाचत बसू नकोस. रागाच्या भरात लिहिलेलं होतं ते.

पुढे पुढे रागही थकला होता त्यांचा. शनिवारी शनिवारी उगाच खाली रस्त्यावर जाऊन कालामाटाहून येणाऱ्या मोटारीतून कोण उतरतं ते बघत बसायचे. म्हातारपणी माणसाला काहीतरी चाळा लागतोच.

तेव्हा एक कागद पाठव. दोन ओळी पुरेत, खाली सही. पापा त्या मातीवर वाचून दाखवतील. माझ्यासाठी नको करूस, आईसाठी कर. तिने आबांच्या नावाने वाटलेले उकडलेले गहू बायका तिच्यादेखत हातात घेतात आणि कोपऱ्यावर वळल्या की कोंबड्यांना टाकतात. आईची नजर अजून चांगली आहे.

रेल्वेतली तुझी नोकरी गेल्या वर्षीच्या बंडानंतर गेली असं ऐकलं. तुमच्या बाजूच्या सगळ्यांचीच गेली म्हणे. वाईट वाटलं. डेस्पिनाला माझा नमस्कार सांग, जरी तिला मी कधी पाहिलेलं नाही.

स्तामाता


पेत्रोवूनी, ८ एप्रिल १९३६

दादा,

तुझा कागद पोचला. आईने तो माझ्याकडून तीनदा वाचून घेतला आणि मग आपल्या उशीखाली ठेवला. पापांना द्यायचा तर मला तो तिच्या डोक्याखालून काढून घ्यावा लागला.

त्यांनी तो रविवारी प्रार्थनेनंतर आबांच्या मातीवर वाचला. 'मी त्यांना बावीस सालीच क्षमा केली, तुर्कांपुढून पळताना चेश्मेच्या किनाऱ्यावर, बोटीत चढायला रेटारेटी चालली होती तेव्हा. आपण हरलो ते कुणाच्या शापाने, हे शोधत बसायला तिथे कुणाला वेळ नव्हता. देव त्यांना क्षमा करो.' छान लिहिलंस. बायका रडल्या. मित्रोससुद्धा नाक शिंकरत होता, पण त्याला बाराही महिने सर्दी असते.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात पॅरिसहून तुमचा क्रीटवाला गेल्याची बातमी आली. कॉफीच्या दुकानात अर्ध्यांनी टोप्या काढल्या, अर्ध्यांनी ग्लास उचलले. आणि मित्रोस म्हणाला, "एकट्याच्या तळतळाटाने आपला कानेल्लोस असा राहिला, तर ज्याच्या नावाने अर्ध्या देशाने दगड टाकले त्याचं काय? तो तर जगबुडीपर्यंत कडक इस्त्रीत पडून राहील." कुणी हसलं नाही. राजाकडचेही नाही. लोकांनी आपापली कॉफी संपवली आणि घरी गेले. चव्हाट्यावरचा ढीग अजून आहे, त्यावर आता शेळ्या चढतात.

दफनभूमीच्या त्या कोपऱ्यात चिकणमाती आहे, खालून झऱ्याचं पाणी जातं, म्हणून प्रेत विरत नाही, असं तू शेवटी लिहिलं आहेस. रेल्वेत राहून भलताच शहाणा झालास. मी ते पापांना सांगितलेलं नाही. क्षमा पण पाठवायची आणि वर पाण्याचा हिशेब पण सांगायचा, हे काही बरं दिसत नाही.

आणि तू विचारलं आहेस, 'शेवटी त्यांनी माझं नाव काढलं का?' मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की तुझं नाव नाही काढलं. मग पुन्हा का विचारतोस? तापात माणूस काहीबाही बोलतो. त्याला काय अर्थ असतो?

आईला तुझ्या मुलांची नावं हवी आहेत. प्रार्थनेत घ्यायला.

स्तामाता


पेत्रोवूनी, ३ नोव्हेंबर १९३६

दादा,

आई शुक्रवारी गेली. त्रास झाला नाही. आदल्या दिवशी सूप मागून घेतलं आणि मीठ कमी आहे म्हणून मला बोलली.

तिची एकच मागणी होती. त्याच जागेत आपल्याला ठेवायचं, आणि आबांची हाडं पेटीत घालून पायाशी. "चाळीस वर्षं त्याचे पाय दाबले," म्हणायची, "आता त्याला माझ्या पायाशी बसू दे." तुझा कागद वाचून सात महिने झाले होते. तेव्हा आता काही अडचण नाही, असं सगळ्यांनाच वाटलं. मित्रोसने खणलं. या वेळी त्याने मला मागे हो म्हटलं नाही, कारण पुढे यायला दुसरं कुणी नव्हतंच.

आबा तसेच होते.

आईला दुसरीकडे ठेवावं लागलं, कालामाटाला राहायला गेलेल्या एका घराच्या जागेत, उसनी. आबांना काय करायचं ते पापांना कळेना. शेवटी मीच तुझं झऱ्याचं पाणी सांगून टाकलं. ते म्हणाले, "लाम्ब्रोस म्हणतो तसंही करून बघू." आता आबा चर्चच्या भिंतीलगत आहेत, मुरमाड जागेत.

पण सगळे पांगल्यावर पापांनी मला थांबवून घेतलं. म्हणाले, "तुझ्या भावाचा कागद खरा होता. वाचताना कळतं. मग आता उरलं कोण?"

मी म्हटलं, शोधते. आणि शोधलं, दादा. दारोदार फिरले. वासिलोच्या घरी गेले, तिच्या नवऱ्याला आबांनी भर बाजारात चोर म्हटलं होतं. तिने लगेच 'देव त्याला क्षमा करो' म्हटलं आणि मला अंजीर दिले. खाटीक म्हणाला, "तुझ्या बापाने माझी बकरी पळवली होती. पण ती आजारीच होती, तेव्हा माफ." सरपंचाच्या विधवेला तर काही आठवतच नव्हतं, तिने आपली खबरदारी म्हणून दोनदा क्षमा केली. कुणाच्याच मनात काही नव्हतं. आबा बोलायला तिखट होते, पण गावाने ते कधीच गिळून टाकलं होतं.

आईने जायच्या आधी मला एकच विचारलं. "चोवीस साली तू त्याला काय लिहिलं होतंस गं?"

मी म्हटलं, "आबांनी सांगितलं ते."

"बरं," म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. नंतर विचारलं नाही.

आज आणखी लिहवत नाही.

स्तामाता


पेत्रोवूनी, ६ डिसेंबर १९३६

दादा,

ऑगस्टपासून नवं सरकार आलंय, पोस्टात पोलीस बसतो आणि वाटेल ते पाकीट फोडतो. हेही फोडेल. फोडू दे. मी पंचवीस वेळा हे लिहायला बसले आणि कागद चुलीत घातला, आता कोण वाचतं याची मला पर्वा नाही.

चोवीस सालचं ते उत्तर आबांचं नव्हतं. माझं होतं.

तुझं पत्र आलं तेव्हा मोठ्या उपासाआधीचा आठवडा होता, घरात मटण शिजत होतं. मी ते आबांना वाचून दाखवलं, एक शब्द गाळला नाही. तुला आठवत असेल काय लिहिलं होतंस ते. 'मी चुकलो असेन, तुम्हीही चुकला असाल, आता तर सगळा देशच चुकलाय. डेस्पिनाचं मागे कुणी उरलेलं नाही. आम्हाला वरची खोली द्याल का?' आबा उठले. टोपी घातली आणि बाहेर पडले. जेवायला आले नाहीत म्हणून आईने मला बघायला पाठवलं.

ते चव्हाट्यावर होते. ढिगापाशी गुडघे टेकून एकेक दगड उचलून बघत होते. सात-आठ वर्षांत ढीग खचला होता, मधून काटेरी गवत उगवलं होतं, त्यांचे हात सोलवटले होते. मला बघून म्हणाले, "माझा कोणता तेच कळेना गं. सगळे सारखेच दिसतात." शेवटी तीन दगड कोटात घालून घेतले. "यातला एक तरी असेलच की," म्हणाले, आणि ओढ्यात नेऊन टाकले. मग हात धुतले आणि गार झालेलं मटण जेवले.

जेवण झाल्यावर मला कागद घेऊन बसवलं. "लिही. ये म्हणावं. बायकोला घेऊन ये. खोलीला चुना मी काढून ठेवतो." एवढंच. दुसरं एक अक्षर त्यांनी सांगितलं नाही.

आणि मी लिहिलं, 'आबा म्हणतात, तुझ्या नावाचा दगड अजून ढिगावर आहे. तो तिथे आहे तोवर आमचा उंबरा चढू नकोस.' खाली त्यांनी आपल्या हाताने क्रूस काढला. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि माझ्यावर विश्वास होता.

का, ते विचारशील. माझं जुळत होतं तेव्हा. कोत्सीकडचा धाकटा. त्यांनी हुंड्यात झऱ्याजवळचं ऑलिव्हचं रान मागितलं होतं, आबा हो-नाही करत होते. तू बायको घेऊन दारात उभा राहिलास की रान तुझं, हे उघड होतं. आणि मुळात तू लग्न केलंसच कसं रे? बहीण घरात असताना आपल्याकडे भाऊ लग्न करतो? पाच पाच बहिणी उजवता उजवता लोकांचे केस पिकतात, आणि तुला एक बहीण होती, ती तुझ्या लक्षातही नव्हती. तुझ्या त्या पत्रात माझं नाव नव्हतं, दादा. मी ते चार वेळा वाचलं. डेस्पिना होती, खोली होती, देश होता.

तू नव्हतास तेव्हा इथे काय झालं ते तुला कधी कुणी सांगितलं नाही. नाकेबंदीच्या हिवाळ्यात आम्ही रानातला पाला उकडून खाल्ला. पुढच्या वर्षी तुमचे लोक गादीवर आले आणि आबांना राजाचा माणूस म्हणून पकडून नेलं, दीड महिना कोंडलं. आई आणि मी तुरुंगाच्या दारात भाकरी घेऊन बसायचो, पहारेकरी ती आमच्यादेखत खायचा. त्या वेळी मी पंधरा वर्षांची होते. ते सगळं मी काढलं, आणि मग तू एक पत्र लिहिलंस तर तुझ्यासाठी म्हातारा गुडघ्यावर बसून दगड उपसतो! माझ्यासाठी त्यांनी कधी काय उपसलं? मला राग आला. रागापेक्षा भीती जास्त वाटली, की आता या घरात माझं म्हणून काही उरणार नाही.

उरलं सगळं. कोत्सीच्या धाकट्याने त्याच उन्हाळ्यात अर्जेंटिनाची बोट पकडली आणि वाट बघू नका असा निरोप पाठवला. रान माझ्याकडेच आहे. दर हिवाळ्यात मी एकटी काठीने झाडं झोडपते.

आबांनी खोलीला चुना काढला. मग वाट बघायला लागले. ती शनिवारची मोटार म्हणजे म्हातारचळ नव्हता, ते तुला आता कळलंच असेल. घरी आले की विचारायचे, "उत्तर आलं का गं?" मी म्हणायची, "नाही आबा." "रागावला असेल," म्हणायचे. "त्याचंही बरोबर आहे." आठ वर्षं, दादा. मधे किती वेळा माझ्या तोंडाशी आलं. पण पहिल्या महिन्यात जे सांगता आलं नाही ते पाचव्या वर्षी कसं सांगायचं? आणि तुला मी पुन्हा लिहिलं असतं तर पहिलं पत्र कुणाचं, हे तू विचारलंच असतंस.

आजारात त्यांनी मला जवळ बोलावलं. "तू नीट लिहिलं होतंस ना गं?"

मी म्हटलं, "हो आबा."

"मग येईल," म्हणाले.

मंगळवारी गेले. तू विचारलं होतंस, शेवटी त्यांनी तुझं नाव काढलं का. दुसरं कुठलंच नाव काढलं नाही. आईचंही नाही, माझंही नाही.

तू त्यांना क्षमा केलीस, पण केलीस कशाची? दगड टाकला होता तो त्यांनी स्वतः उचलला. उरलेलं सगळं त्यांनी केलेलंच नव्हतं, मग ती क्षमा त्यांना पोचणार तरी कशी? मी पापांना सगळं सांगितलंय. त्यांनी मला दोन वर्षं प्रसाद बंद केला आहे. गावाला मी पोटाच्या दुखण्याचं कारण सांगते.

आबांसाठी पुन्हा एकदा लिही. खरं काय ते कळल्यावरचं लिही. माझ्यासाठी मी काही मागत नाही.

स्तामाता


पेत्रोवूनी, २८ फेब्रुवारी १९३८

दादा,

चौदा महिने झाले, मला तुझ्याकडून काही आलं नाही. पापांना आलं. ते गेल्या वर्षी आईच्या नावाच्या प्रार्थनेनंतर त्यांनी आबांच्या मातीवर वाचलं, सगळा गाव उभा होता. 'आबा, मला आता कळलं. देव तुम्हाला क्षमा करो, आणि मलाही. मीसुद्धा निघालो होतो. ते उत्तर आलं तरी आम्ही निघालोच, कालामाटापर्यंत आलो…' एवढं वाचून पापा थांबले. माझ्याकडे बघितलं, कागदाची घडी घातली आणि 'आमेन' म्हणाले.

लोकांना वाटलं, कागद तेवढाच होता. मी मागाहून त्यांच्याकडे गेले आणि कागद मागितला. ते देईनात. म्हणाले, "तुला वाचायची गरज नाही, पोरी." मी म्हटलं, "वाचण्याचं काम या घरात नेहमी माझंच होतं." मग दिला.

खाणावळीत दोन दिवस राहिलात तुम्ही. डेस्पिनाला दिवस गेले होते. शनिवारी मोटार दारात उभी होती, ड्रायव्हर हाका मारत होता, डेस्पिना म्हणाली, चला, चढू या, म्हातारा माणूस आहे, समोर बघितल्यावर काय दगड मारणार आहे का? आणि तू खिशातून माझं पत्र काढून पुन्हा वाचलंस आणि तिथूनच मागे फिरलास.

तीन तासांचा रस्ता आहे. आबा खाली बसलेले असणार त्या दिवशी. मी त्या दिवशी काय करत होते ते आठवायचा फार प्रयत्न केला. काहीतरी धूत असेन.

शनिवारी त्यांना वर काढलं. मित्रोस आता वाकत नाही, त्याच्या जावयाने खणलं. दादा, ते विरले होते. एकेक हाड सुटं, कोरडं, आजीसारखंच पिवळं. जावई ओरडला, "आले, आले, स्वच्छ आले!" जसं काही बाळंतपणच चाललं होतं. बायकांनी 'देवा, तुझे उपकार' म्हटलं. तू म्हणशील, मुरमाची जागा होती. म्हण. मी वाद घालणार नाही.

आई नाही, म्हणून मीच धुतलं. दोन वेळा वाइनने. पायाची, हाताची, मग बरगड्या. एक बरगडी मोडून वाकडी सांधलेली निघाली. तुरुंगातून आले तेव्हा ते कितीतरी दिवस कुशीवर झोपत नसत, पण काही बोलले नव्हते. सगळं पुसून पेटीत ठेवलं आणि पेटी आईच्या पायाशी नेली. तिने मागितलं होतं तसं, फक्त जागा उसनी.

माझ्या हातचे गहू सगळ्यांनी खाल्ले. माझ्यासमोर, बोटं चाटून. वासिलोने मला मिठी मारली. म्हणाली, "बापासाठी दारोदार फिरलीस, भावाचं मन वळवलंस. तुझ्यासारखी मुलगी देवाने सगळ्यांना द्यावी." आणि मी म्हटलं, "तुमचे आशीर्वाद." दुसरं काय म्हणणार होते? पापा बाजूलाच उभे होते. त्यांनी मान खाली घातली.

तुझा तो कागद मी परत केलेला नाही. त्यात आबा आहेत, आई आहे, मित्रोसचीसुद्धा चौकशी आहे. माझं नाव नाही. या वेळी मला त्याचा राग आला नाही.

मला तू आत्ता काही लिहू नकोस. लिहिलंस तर ते तू चांगला माणूस आहेस म्हणून लिहिशील, डेस्पिना म्हणाली म्हणून लिहिशील, आणि तसलं मला नको. मी गेले की तुला कळवायचं, असं पापांना सांगून ठेवलंय. ते नसले तर त्यांच्या जागी जो येईल त्याच्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवली आहे, तुझ्या पत्त्यासकट. तिथून पुढे तीन वर्षं तुझ्या हातात आहेत. तेवढ्यात तुला मनापासून जमलं तर दोन ओळी पाठव. नाही जमलं तर तेही काही वाईट नाही. माझ्यासाठी दारोदार फिरायला मागे कुणी उरलेलं नसेल, तेव्हा कुणाची धावपळ व्हायची नाही.

स्तामाता